नोंद

करमाळा डेपोत मी एकतीस वर्षं कंट्रोलर होतो.
गाडी सुटली की वेळ लिहायची, आली की लिहायची,
मधल्या रस्त्याशी आपला संबंध नाही.

त्या सवयीनं लिहिलं:
सहा सोळा. अजमान. सातवा मजला.
आधी पडद्याच्या कड्या वाजल्या,
मग लिंबाच्या लोणच्याची बरणी
ओट्यावर आपली आपण बोटभर सरकली.
रेवा म्हणाली, आजोबा, खुर्ची हलवू नका ना.

खाली अख्खी बिल्डिंग रस्त्यावर,
कुणाच्या हातात पासपोर्ट,
कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा.
अर्ध्या तासात सगळे हसत वर गेले.
आमच्याकडे आलं ते शेपूट होतं.
तोंड समुद्रापलीकडे.

शलाका, माझी सून, हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालते.
रात्री तिनं विचारलं नाही, सांगितलं:
पथकात नाव दिलंय, पहाटे चारला गाडी येईल.
मुलगा रात्रपाळीला, खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात.
उरलो मी, व्हिजिट व्हिसावरचा,
ज्याचं इथला गिझरसुद्धा ऐकत नाही.

हेही लिहून ठेवतो, खोटी नोंद मी कधी केली नाही:
लग्न ठरताना मीच म्हणालो होतो,
दवाखान्यातली मुलगी नको,
परक्यांच्या अंगाला हात लावते.
कुणीतरी तिच्या कानावर घातलं असणारच.
बारा वर्षांत तिनं ते माझ्या ताटात वाढलं नाही.

चार दहा. सुटली.
पोहोचल्याची वेळ: कोरी.

वेणीचे पेड तीन असतात, हे मला माहीत होतं.
मधला कुठला, ते दर वेळी हरवायचं.
रेवा तशीच शाळेत गेली,
एक वेणी कानावर, एक मानेवर,
आणि वर्गात सांगून आली, आई भूकंपात गेली.
बाईंचा फोन आला, आवाज भरलेला.
गेलीय हो, म्हणालो, कामाला गेलीय, येणार आहे.
फोन ठेवल्यावर बराच वेळ
त्या एका क्रियापदाची भीती वाटत राहिली.

कोपऱ्यावरची इराणी बेकरी दोन दिवस बंद होती.
तिसऱ्या दिवशी उघडली. रोटी भाजता भाजता
गुलामरझानं त्याच्या गावाचं नाव सांगितलं.
भट्टीच्या घोंघाटात मला शेवटचं 'आबाद' तेवढं ऐकू आलं.
एकतीस वर्षं गावांची नावं माइकवरून ओरडणारा मी,
दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.
माझी सून तिकडेच आहे, एवढं म्हणालो.
त्यानं चारऐवजी सहा रोट्या बांधल्या,
पैसे मात्र चाराचेच मोजून घेतले.

तिचे निरोप आले तीन.
पाणी आहे.
झोप नाही.
रेवाच्या भूगोलाच्या वहीला कव्हर घाला, बाबा.

अकरावी रात्र. दोन चाळीस.
चावी कुलपात फिरत नव्हती, मी आतून उघडलं.
चपलांच्या फळीवरच बसली ती,
केसांत पांढरं, नखांत पांढरं,
क्षणभर मला माझी आईच वाटली.
पाणी दिलं. मग राहवेना, विचारलं:
शेवटी आबाद येतं असं एखादं गाव?
म्हणाली, गावं नव्हती, बाबा, तंबूंना नंबर होते.
माझा एकोणीस.
आणि बसल्या बसल्या झोपली, तोंड थोडं उघडं.

बुटांच्या नाड्या प्लास्टरनं दगड झाल्या होत्या.
खाली बसायला माझे गुडघे कुरकुरले.
नखानं उकरून पाहिलं, मग स्वयंपाकघरातली कात्री आणली.
आमच्याकडे सासरा सुनेच्या पायांकडे बघतही नाही.
डावा सुटला. उजव्याला वेळ लागला.
मोज्यांतून वाळू निघाली, ती इथली नव्हती,
करडी, जाड. कागदावर गोळा केली,
कुठं टाकायची ते कळेना, खिडकीत ठेवली.

दोन चाळीस. आली.
उशिराचं कारण: हा रकाना तसाच आहे.

साडेसहाला बेकरी उघडते.
गुलामरझा विचारेल.
माझ्याजवळ एकोणीस आहे,
त्याच्याजवळ आबाद.